नियमाच्या आडोशाला

नव्या तालिकीकरण-नियमांना माझा विरोध होता आणि तो मी कधी लपवला नाही. बैठकीत बोलले, चर्चासत्रांत बोलले, बाहेर चहा पिताना तर जास्तच बोलले. पुढे विरोध मावळला. बहुतेकांचा मावळतोच, नव्या पद्धतीच्या नोंदी रोज डोळ्यांखालून जायला लागल्या की माणूस सवयीनेच त्यांच्या बाजूचा होतो. त्यामुळे मत बदलल्याचे मला फारसे कौतुक नाही. मुळात विरोध कशासाठी होता, हा प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. त्या काळात माझ्या दर दोन वाक्यांत 'वाचक' यायचा. वाचक गोंधळेल, वाचकाचा वेळ जाईल, वाचकाला वर्षानुवर्षे कशाची सवय आहे याचा विचार करा. त्यातला वाचक किती आणि मी किती, हे एकदा स्वतःपुरते तपासून पाहायचे आहे.

ग्रंथालयाबाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल. यात भांडण्यासारखे काय आहे? पण लेखकाचे नाव म्हणजे त्याच्या कोणत्या नावाने नोंद करायची, साल शके धरायचे की सन, चार लेखक असतील तर चौघांनाही लिहायचे का, मुखपृष्ठाआतल्या पानावर चूक छापली असेल तर चूक उतरवायची की सुधारायची, यातच कॅटलॉगरचा दिवस जातो. याची उत्तरे देणारा आमचा ग्रंथ म्हणजे 'अँग्लो-अमेरिकन कॅटलॉगिंग रूल्स'ची 1978 सालची दुसरी आवृत्ती, आमच्या बोलण्यात एएसीआर-टू. छापील पुस्तक समोर ठेवून बांधलेले हे नियम सीडी, ई-पुस्तके, संकेतस्थळे यांना पुरे पडत नाहीत, यावर 1997 साली टोरांटोच्या परिषदेत खल झाला. तिसरी आवृत्ती काढायचे ठरले, 2004 मध्ये मसुदा फिरला, त्याच्यावर टीका झाली, आणि 2005 मध्ये नाव आणि घडण दोन्ही बदलायचे ठरले. जून 2010 मध्ये 'रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड अ‍ॅक्सेस', म्हणजे आरडीए, बाहेर आले. अमेरिकेतल्या तीन राष्ट्रीय ग्रंथालयांनी पुढाकार घेऊन त्याची चाचणी केली. जून 2011 मधल्या त्यांच्या अहवालाचा सूर मोठा मजेशीर होता: नुसते नियम बदलून लगेच दिसेल असा फायदा फारसा नाही, तरीही स्वीकारा, पण जानेवारी 2013 च्या आधी नको, आणि आधी भाषा सोपी करा. 31 मार्च 2013 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते लागू केले.

त्यांनी लागू केले, मग आपले काय? आपले असे, की लायब्ररी ऑफ काँग्रेसचे एक कार्यालय 1962 पासून दिल्लीत आहे. पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकी धान्याच्या, करारातल्या रुपयांतून तिथे भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होऊ लागली आणि तिकडच्या विद्यापीठांत गेली. त्यात मराठी पुस्तकेही होती. आज नवी मराठी कादंबरी आमच्याकडे आली की आम्ही आधी तिची तयार नोंद कुठे मिळते का ते पाहतो, आणि ती बऱ्याचदा तिथूनच आलेली असते: रोमन लिपीत, अक्षरांखाली टिंबे आणि डोक्यावर रेघा घेऊन. ती उतरवून घ्यायची, देवनागरी घालायची, आपला दाखल क्रमांक द्यायचा. त्यामुळे तिकडे नियम बदलला की आमच्या संगणकावर तो आपोआप येऊन बसतो, परवानगी न घेता.

या 'परवानगी न घेता'वर मी खूप भाषणे दिली. आमचा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा देश, आमच्याकडे 1934 पासून स्वतःची तालिकासंहिता, आणि आम्ही शिकागोत छापलेले नियम का पाळायचे? टाळ्या मिळायच्या. पण खरे बोलायचे तर ग्रंथालयशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर मी रंगनाथनांची 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' कधी उघडली नव्हती. आडनाव मोठ्या अक्षरांत, पुढे कंसात नाव, कार्डाच्या मागे ट्रेसिंग, म्हणजे जादा कार्डांची यादी, एवढे गुणांपुरते केले आणि नोकरी लागल्यावर सोडून दिले. 1964 च्या पाचव्या आवृत्तीनंतर तिची सहावी आवृत्ती निघाली नाही, आणि ती निघावी म्हणून आमच्या पिढीने कुठे काही खटपट केल्याचे मला तरी आठवत नाही. ज्याला मी परकेपणाची चीड म्हणत होते, त्या चिडीत एएसीआर-टू बसत नव्हते. ते माझ्या दृष्टीने कधीच स्वदेशी झाले होते.

तिकडच्या इतिहासातही हेच आहे. हे मला तेव्हाही माहीत होते, पण माझ्या मुद्द्याला अडचणीचे म्हणून मी ते सांगत नव्हते. एएसीआर-टू आले तेव्हा अमेरिकन ग्रंथालयांनी असाच आरडाओरडा केला होता. लेखकांच्या नावांची नोंदीतली रूपे बदलणार, लाखो कार्डे उपसावी लागणार, म्हणून अंमलबजावणी 1980 वरून जानेवारी 1981 वर ढकलावी लागली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या वेळी आपला कार्ड-कॅटलॉग बंद करून नव्या नोंदी वेगळ्या सुरू केल्या. एकेकाळचे ते संकट तीस वर्षांनी परंपरा होऊन बसले होते. आरडीएवर सर्वात कडक टीका केली ती मायकेल गॉर्मन यांनी, आणि ते एएसीआर-टूचे संपादक. त्यांच्या लेखाची छापील प्रत मी पिशवीत घालून फिरत असे. त्यांचे मुद्दे वजनदार होते, आजही आहेत. 2008 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच एका कार्यगटाने आरडीएचे काम थांबवावे असे सुचवले होते, तेव्हा विरोध करणारे सगळे जुनाट होते असे मुळीच नाही. मी बोलते आहे ते माझ्या विरोधाबद्दल.

तो कुठून येत होता हे मला एका किरकोळ बदलावरून कळले. जुन्या नियमात प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक सापडला नाही की चौकटी कंसात 'एस.एल.' आणि 'एस.एन.' लिहायचे. लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे: 'जागा नाही', 'नाव नाही'. कोल्हापुरात छापलेल्या, प्रकाशकाचे नाव नसलेल्या पोथीच्या कार्डावर आम्ही लॅटिन लिहीत होतो. एका संशोधक विद्यार्थ्याने प्रबंधाच्या संदर्भसूचीत प्रकाशक म्हणून सरळ 'एस.एन.' लिहून आणले होते. मी ते इतरांना सांगून हसलेसुद्धा. नव्या नियमाने ही लॅटिन अक्षरे काढली आणि सांगितले, सरळ लिहा: प्रकाशनस्थळ नोंदलेले नाही. 'पृ.' नको, 'पृष्ठे' लिहा. कोणत्याही शहाण्या माणसाला हे पटावे. मला पटले नाही. मी म्हणाले, नोंद लांबते, शिस्त जाते.

शिस्त म्हणजे काय, तर मला येणारी गोष्ट. अर्धविराम कुठे, त्याच्या आधी जागा सोडायची की नंतर, तिरपी रेघ कधी, हे मला झोपेत विचारले तरी सांगता येत होते. नवीन लागलेली मुले माझ्याकडे खरडलेल्या नोंदी घेऊन यायची आणि मी लाल पेनने त्यांत टिंबे घालायची. त्या लाल पेनात माझी सगळी पत होती. विरामचिन्हांना आता तेवढे महत्त्व नाही असे कोणी म्हणाले की मला वाटायचे, मी आयुष्यभर जे केले ते क्षुल्लक होते असेच हा म्हणतो आहे. ही गोष्ट वाचकाच्या नावावर खपवणे सोपे होते. वाचक काही बैठकीला येत नाही.

वाचक खरोखर कुठे अडतो ते मला ठाऊक नव्हते असे नाही. हरि नारायण आपट्यांची कादंबरी घ्या. जुन्या प्रतीवर नाव आहे 'पण लक्षांत कोण घेतो', 'क्षां'वर अनुस्वार देऊन. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनंतर शाळेत गेलेले कोणीही ते अनुस्वाराशिवाय टाइप करणार. संगणकाला अनुस्वार म्हणजे निराळे अक्षर. 'सापडले नाही' असे उत्तर येते आणि पुस्तक मात्र मागच्या मांडणीवर असते. पुस्तकावर आहे तसेच उतरवा, हे जुन्या नियमातही होते. नव्यात ते अधिक ठासून सांगितले आहे. उपाय दोन्हींत एकच: पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात, म्हणजे 246 क्रमांकाच्या फील्डमध्ये, आजच्या लेखनाचे रूपही घालायचे. अर्ध्या मिनिटाचे काम.

याहून चीड आणणारी गोष्ट 'वाऱ्यावरची वरात'ची. यातला 'ऱ्या' संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो: 'र'नंतर हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह घालून, किंवा नुक्त्याचा 'ऱ' वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. एकाने एका तऱ्हेने नोंद केली, वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने शोधले, की पु. ल. देशपांड्यांचे पुस्तक ग्रंथालयातून नाहीसे. मराठीत 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' किती शब्दांत येतात ते मोजत बसू नका. टोरांटोच्या परिषदेत कोणी याचा विचार करणार नव्हते. तो आम्हीच करायचा होता. पण त्या वर्षांतल्या आमच्या चर्चा आठवल्या तर तास-तास वाद झाले ते 'पृ.'चे 'पृष्ठे' करण्यावर. वाचकाचे नाव घेऊन मी जेवढे बोलले, त्यातले एक वाक्यही या दोन 'ऱ्यां'बद्दल नव्हते. रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या नियमांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो, तो मी भाषणात तोंडपाठ म्हणत असे.

पैशाची तक्रार खरी होती आणि आहे. एएसीआर-टूचा ग्रंथ एकदा विकत घेतला की कपाटात राहायचा. आरडीएचा ऑनलाइन टूलकिट दरवर्षी वर्गणी भरून वापरायचा, परदेशी चलनात, आणि इंग्रजीत. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपालाचा पगारच वेळेवर होत नाही, तिथे टूलकिट कुठला? तिथे दाखल नोंदवही हाच कॅटलॉग. त्यांच्या वतीने मी हा मुद्दा मांडत असे. पण त्या ग्रंथालयांत एएसीआर-टूसुद्धा कधी पोहोचले नव्हते, आणि पोहोचवायला मीही कधी गेले नव्हते. गरीब ग्रंथालये माझ्या युक्तिवादात पाहुणी म्हणून यायची आणि बैठक संपली की परत जायची.

या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, आणि तिचे नाव घ्यायला मला बराच काळ लागला. नव्या नियमांत पुन्हा पुन्हा येणारी कल्पना म्हणजे कॅटलॉगरचा निर्णय. जुन्यातही ती होती, पण इतकी उघडी नव्हती. 'तिघांचा नियम' बघा. जुन्या पद्धतीत पुस्तकाला तीनपर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावे द्यायची. चार झाले की पहिल्याचे नाव, पुढे 'आणि इतर' अर्थाचे लॅटिन, आणि मुख्य नोंद पुस्तकाच्या नावाखाली. दुसरा, तिसरा, चौथा कॅटलॉगमध्ये नाहीतच. तालुक्याच्या इतिहासावर चार शिक्षकांनी मिळून पुस्तक लिहिले, त्यातल्या तिघांना त्यांच्याच गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात स्वतःचे नाव सापडत नाही. कार्डाच्या काळात याला कारण होते. पाच बाय तीन इंचांच्या कार्डावर जागा किती, आणि प्रत्येक नावामागे एक जादा कार्ड टाइप करून खणात लावायचे. संगणक आल्यावर हे कारण संपले, नियम मात्र राहिला. आणि मला तो आवडत होता. कोणी विचारले, "बाई, माझे नाव का नाही?" तर मी सांगत असे, "तसा नियम आहे." त्या तीन शब्दांनंतर कोणाशी वाद घालावा लागत नसे, स्वतःशीसुद्धा.

आरडीएने तिघांचा नियम काढला. मला वाटले होते आता सगळ्यांना लिहा असे ते सांगेल. तसेही नाही. पहिला लेखक आवश्यक. बाकीच्यांचे तुम्ही ठरवा. म्हणजे चौथ्याचे नाव गाळले तर आता ते नियमाने गाळलेले नसते, मी गाळलेले असते. दुपारी चार वाजता टेबलावर गठ्ठा असताना मी नाव गाळते ते कंटाळ्याने की विचाराने, हे पाहणारे माझ्याशिवाय कोणी नाही. हा आडोसा गेला म्हणून मी चिडले होते. नियम चांगला की वाईट हा त्यापुढचा प्रश्न होता.

एक प्रतिवाद मी अजूनही सोडलेला नाही. निर्णय कॅटलॉगरवर सोपवणारे नियम ज्या जगात येऊन पडले त्या जगात जुन्या नोंदी संगणकावर चढवायचे काम बाहेर दिले जाते, प्रति नोंद दराने. ते करणारा मुलगा ग्रंथालयशास्त्र शिकलेला असतोच असे नाही. त्याच्या दिवसाची कमाई नोंदींच्या संख्येवर. त्याला 'तू ठरव' म्हणणे ही थट्टा आहे. तो सर्वात कमी बटणे दाबावी लागतील तेच ठरवणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. तिकडच्या मोठ्या ग्रंथालयांनी आपापली धोरणपत्रे काढून हा प्रश्न सोडवला. आपण धोरणपत्र न काढता नियमांना दोष देतो.

नावांच्या बाबतीत मात्र मी नव्या नियमांपाशी आले ती वादाने नाही, पुस्तकांमुळे. आमच्या जुन्या खणांत 'आरती प्रभू' हे कार्ड उघडले की एकच ओळ: 'पाहा खानोलकर, चिं. त्र्यं.' 'जोगवा' आणि 'दिवेलागण' शोधणाऱ्याला 'कोंडुरा'च्या शेजारी नेऊन उभे करायचे. त्यांनी कविता एका नावाने लिहिली आणि कादंबऱ्या-नाटके दुसऱ्या, हा त्यांचा निर्णय. गडकऱ्यांचेही तसेच: कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला राम गणेश. एएसीआर-टूच्या 1988 च्या सुधारणेतच अशी नावे वेगवेगळी ठेवायला मुभा मिळाली होती, आम्हीच ती वापरली नव्हती. आरडीएने सरळ म्हटले की व्यक्तीने घडवलेली ओळख हीही व्यक्तीच. दोन्ही ठेवा आणि त्यांच्यातले नाते जोडा. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटले, हे कोणीतरी मराठी कवितेची मांडणी पाहून लिहिले असावे. तसे अर्थातच नाही.

पण त्याच आरडीएत व्यक्तीविषयी काय काय नोंदवता येते याची यादी लांब आहे: जन्मतारीख, ठिकाण, व्यवसाय, आणि लिंग. इथे मी थांबते. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 साली आले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर हे नाव होते, आणि ही कोण यावर महाराष्ट्रात तर्कवितर्कांना ऊत आला होता. माहेरच्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे सगळ्यांना पुढे कळले. त्यांच्या बाबतीत आता लपवण्यासारखे काही नाही. पण त्या वर्षी एखाद्या तत्पर कॅटलॉगरने खरे नाव शोधून कार्ड टाइप केले असते तर? आज कोणी बाई वा पुरुष, किंवा या दोन रकान्यांत न बसणारे कोणी, टोपणनावाने काही लिहिते आणि मी समाजमाध्यमांवर शोधून त्यांचे खरे नाव, गाव आणि लिंग नोंदवते. ती नोंद जगभर उतरवून घेतली जाते आणि मागे घेता येत नाही. अमेरिकेतल्या तीन ग्रंथपालांनी 2014 साली लिंगाच्या रकान्यावरच लेख लिहून हरकत घेतली. लेखकांच्या अशा नोंदी सहकाराने ठेवणाऱ्या ग्रंथालयांच्या गटाने 2022 मध्ये हा रकाना भरू नये अशी शिफारस केली. मी ती शिफारस येण्यापूर्वीच तो मोकळा ठेवत होते असे सांगायला मला आवडले असते. ठेवत होते, हे खरे; पण विचाराने नव्हे, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना दिसत नसे म्हणून.

डिसेंबर 2020 पासून आरडीएची नवी बांधणी अधिकृत झाली. जुने नियमक्रमांक गेले, भाषा आणखी अमूर्त झाली, आणि पहिले आरडीए पाठ केलेली मंडळी आता माझ्या जुन्या सुरात बोलू लागली आहेत. आमच्यापुरते एक पानभर धोरण आम्ही ठरवले: लेखक असतील तेवढे सगळे, जुन्या लेखनाच्या शीर्षकाला आजचे रूप 246 मध्ये, 'ऱ्य' एकाच तऱ्हेने, टोपणनावामागचे नाव लेखकाने स्वतः छापले असेल तरच.

हे नव्या नोंदींना लागू आहे. जुन्या हजारो नोंदी आहेत तशाच आहेत, तिघांच्या नियमासकट. यंदा मिळालेल्या पैशांत त्या उघडून सुधारायच्या की साठलेल्या नव्या पुस्तकांच्या नोंदी पुऱ्या करायच्या, यावर मत घेतले गेले. मी नव्या पुस्तकांच्या बाजूने हात वर केला. कारण दिले ते वाचकाचेच, की नवी पुस्तके तो आज मागतो. ते खोटे नाही. पण वार्षिक अहवालात 'नव्याने नोंदवलेले ग्रंथ' असा एक रकाना असतो, आणि 'सुधारलेल्या जुन्या नोंदी' असा नसतो. हात वर करताना तो अहवाल माझ्या डोळ्यांपुढे होता. दुसरा रकानाही असता तर मत कुठे पडले असते, हे मला कोणी विचारले नाही.